घराची पॉलिसी कंपनीने थांबवली तर: कॅलिफोर्नियातल्या घरमालकांसाठी पत्र आल्यापासून पुढचं सगळं

पत्र साध्या पाकिटातून येतं आणि जाहिरातींच्या गठ्ठ्यात सहज हरवतं. आत लिहिलेलं असतं की अमुक तारखेनंतर कंपनी तुमच्या घराची पॉलिसी पुढे चालू ठेवणार नाही. पंधरा-वीस वर्षांत एकही क्लेम न केलेल्या घरांनाही हे पत्र येतं, त्यामुळे ते वाचून आपलं काय चुकलं याचा शोध घेत बसू नका. ऑलस्टेटने २०२२ मध्ये कॅलिफोर्नियात नवे घरविमे घेणं थांबवलं. स्टेट फार्मने मे २०२३ मध्ये तेच केलं आणि मार्च २०२४ मध्ये सुमारे ३०,००० घरांच्या पॉलिसींचं नूतनीकरण करणार नसल्याचं जाहीर केलं. वणव्यांचा धोका, बांधकामाचा वाढलेला खर्च आणि पुनर्विम्याचे (विमा कंपन्या स्वतःसाठी घेतात त्या विम्याचे) चढे दर ही कारणं पुढे आली. तुमचं घर कितीही नीटनेटकं असलं तरी तुमचा पिन कोड त्या हिशेबात सापडू शकतो.

चूक नसली तरी घड्याळ पत्राच्या तारखेपासून चालू होतं. या सगळ्या प्रकरणात दिवस हेच तुमचं भांडवल आहे, आणि लोक ते पहिल्या महिन्यातच उधळतात.

पहिला दिवस: हे नेमकं कोणतं पत्र आहे?

नॉन-रिन्यूअल म्हणजे चालू वर्ष पूर्ण होईल, पुढचं वर्ष मिळणार नाही. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार हे पत्र मुदत संपण्याच्या किमान ७५ दिवस आधी पाठवावं लागतं. २०२० च्या जुलैपूर्वी ही मुदत ४५ दिवसांची होती, त्यामुळे जुने लेख वाचून गोंधळू नका. पत्र उशिरा पाठवलं असेल तर पाठवल्याच्या तारखेपासून ७५ दिवस जुनं संरक्षण चालू राहतं. म्हणून पाकीट फेकू नका. त्यावरचा टपालाचा शिक्का हा पुरावा आहे.

कॅन्सलेशन म्हणजे मध्येच तोडलेली पॉलिसी. नव्या पॉलिसीच्या पहिल्या ६० दिवसांत कंपनीला बरीच मोकळीक असते. घराची बाहेरून पाहणी होते आणि छप्पर किंवा झाडं पसंत पडली नाहीत तर पॉलिसी रद्द होऊ शकते. ६० दिवस उलटले की मोजकीच कारणं उरतात: हप्ता न भरणं, खोटी माहिती देणं, धोका वाढवणारा गंभीर हलगर्जीपणा, घरात झालेले असे बदल की ते विम्यायोग्य राहू नये. हप्ता थकल्याचं पत्र असेल तर हातात अवघे १० दिवस असू शकतात. अशा वेळी हा लेख बाजूला ठेवा आणि आधी कंपनीला फोन करून पैसे भरा. बऱ्याचदा चूक एस्क्रो खात्यातली (कर्जाच्या हप्त्याबरोबर विम्याचे पैसे जमा होतात त्या खात्यातली) असते: कर्ज एका कंपनीकडून दुसरीकडे गेलं आणि विम्याचं बिल जुन्याच पत्त्यावर पोचलं. थकबाकी भरल्यावर पॉलिसी मागील तारखेपासून पुन्हा चालू करून मिळते का, ते विचारा. मधल्या दिवसांत नुकसान झालं नाही असं लेखी मागतील. ते खरं असेल तरच सही करा.

पत्रातलं कारण अधोरेखित करा. 'वणव्याचा धोका' आणि 'छपराची अवस्था' या दोन कारणांचे रस्ते वेगळे आहेत. कारण मोघम असेल तर नेमकं कारण लेखी मागा.

दुसरा दिवस: पत्र कायद्यात बसतं का?

२०१८ साली झालेल्या कायद्याने एक मोठं संरक्षण दिलं आहे. राज्यपालांनी वणव्यासाठी आणीबाणी जाहीर केली की विमा आयुक्त आगीच्या हद्दीतल्या आणि तिला लागून असलेल्या पिन कोडची यादी काढतात. त्या पिन कोडमधल्या घरांची पॉलिसी वणव्याच्या धोक्यामुळे एक वर्षभर बंद करता येत नाही. जानेवारी २०२५ च्या पॅलिसेड्स आणि ईटन वणव्यांनंतर लॉस एंजलिस परिसरासाठी अशीच बंदी लागू झाली. घर पूर्ण जळालेल्यांना वेगळं आणि जास्त काळाचं संरक्षण आहे. कॅलिफोर्निया विमा विभागाच्या संकेतस्थळावर पिन कोड टाकून हे तपासता येतं. पत्र बंदीच्या काळातलं निघालं तर विभागाच्या १-८००-९२७-४३५७ या मदत क्रमांकावर फोन करा आणि लेखी तक्रारही द्या. तक्रारीला शुल्क नाही.

पहिला आठवडा: जुन्या कंपनीशी बोलून पाहा

नवी पॉलिसी शोधण्याआधी जुनीच वाचते का ते बघण्यात कमीपणा नाही. कंपन्या आता विमानातून किंवा उपग्रहातून घेतलेल्या चित्रांवर छपराची पारख करतात, आणि ती चित्रं जुनी असू शकतात. तुम्ही मागच्या वर्षी छप्पर बदललं असेल आणि कंपनीकडे त्याआधीचं चित्र असेल तर कंत्राटदाराची पावती, पालिकेचं परमिट आणि तारीख असलेले फोटो पाठवा. सावली किंवा शेवाळं यांनाही कधी कधी 'खराब छप्पर' समजलं जातं.

वणव्याचा धोका हे कारण असेल तर तुमच्या घराला दिलेला वणवा-धोका गुण मागून घ्या. २०२२ च्या नियमांनुसार दर ठरवताना असा गुण वापरणाऱ्या कंपनीला तो सांगावा लागतो, आणि तुम्हाला त्यावर अपील करता येतं. अपीलाचं उत्तर येईपर्यंत थांबून राहू नका. शोध त्याच दिवशी सुरू करायचा असतो. दोन्ही गोष्टी समांतर चालतात.

फाइल तयार करा, मगच फोन फिरवा

ब्रोकर दिवसाला अनेक घरं बघतो. ज्याची माहिती एका ईमेलमध्ये पूर्ण असते त्याचं काम आधी होतं. त्या ईमेलमध्ये हवं ते असं: सध्याच्या पॉलिसीचं डिक्लरेशन पेज (रकमा आणि तारखांचा गोषवारा असलेलं पान), नॉन-रिन्यूअलचं पत्र, घर कोणत्या साली बांधलं, चौरस फूट, छपराचा प्रकार आणि वय, वायरिंग, नळ, गरम पाण्याची टाकी आणि हीटिंग शेवटचं कधी बदललं, सोलर पॅनेल आहेत का, तरणतलाव असल्यास कुंपण आहे का, कुत्रा कोणत्या जातीचा, मागच्या पाच-सात वर्षांतले क्लेम. चारही बाजूंचे आणि छपराचे दिवसाउजेडी घेतलेले फोटो जोडा.

जुन्या घरांत अडणाऱ्या काही गोष्टी ठरलेल्या आहेत. नॉब-अँड-ट्यूब पद्धतीचं वायरिंग, फेडरल पॅसिफिक किंवा झिन्सको कंपनीचं इलेक्ट्रिक पॅनेल, पॉलीब्युटिलिनचे नळ, वीस वर्षांपुढचं ॲस्फाल्ट शिंगल छप्पर. यांतलं काही घरात असेल तर दुरुस्तीचा अंदाज आधीच काढून ठेवा. 'दोन महिन्यांत बदलतो आहे, हे कंत्राटदाराचं पत्र' असं म्हणता आलं तर काही कंपन्या ऐकतात.

तुमचा क्लू रिपोर्टही मागवा. लेक्सिसनेक्सिस ही कंपनी तो ठेवते; गेल्या सात वर्षांपर्यंतचे क्लेम त्यात असतात आणि वर्षातून एकदा तो मोफत मिळतो. आधीच्या मालकाच्या काळातलं पाणीगळतीचं प्रकरण तुमच्या पत्त्यावर दिसत असेल तर नव्या कंपनीला तसं सांगा. नोंद चुकीची असेल तर हरकत घ्या.

अर्जात 'गेल्या तीन वर्षांत तुमची पॉलिसी कुणी रद्द केली किंवा नाकारली का' असा प्रश्न हमखास असतो. खरं लिहा. कंपनीने सरसकट केलेलं नॉन-रिन्यूअल हे सगळ्यांना ठाऊक असलेलं कारण आहे, त्याने फारसं बिघडत नाही. लपवलेलं मात्र क्लेमच्या वेळी बाहेर येतं, आणि तेव्हा अख्खी पॉलिसीच मुळापासून रद्द ठरू शकते.

किती रकमेचा विमा घ्यायचा

घराची बाजारातली किंमत इथे कामाची नाही, कारण तिच्यात जमिनीची किंमत असते आणि जमीन जळत नाही. हवा तो पुन्हा बांधण्याचा खर्च. १,८०० चौरस फुटांचं घर आणि स्थानिक कंत्राटदाराने सांगितलेला दर चौरस फुटाला ४५० डॉलर असेल तर ८ लाख १० हजार डॉलर ही कव्हरेज ए, म्हणजे मुख्य घराची रक्कम. त्यावर २५ ते ५० टक्के 'एक्स्टेंडेड रिप्लेसमेंट कॉस्ट', म्हणजे बांधकाम महागलं तर वरची जादा रक्कम, मिळत असेल तर घ्याच. मोठ्या वणव्यानंतर हजारो घरं एकाच वेळी बांधायला निघतात आणि मजुरी चढते. नव्या बांधकाम नियमांमुळे वाढणाऱ्या खर्चासाठी 'ऑर्डिनन्स ऑर लॉ' हे कलम असतं. १९८० च्या आधीच्या घराला ते फार लागतं.

हप्ता खाली आणायचा तर ही रक्कम कापू नका, डिडक्टिबल (नुकसानीतला तुम्ही स्वतः सोसायचा भाग) वाढवा. त्यालाही सीमा आहे: घरकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे या संस्थेच्या नियमांतल्या कर्जावर डिडक्टिबल विम्याच्या रकमेच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही.

शोधाचा क्रम

सुरुवात नियमित, म्हणजे राज्याने परवाना दिलेल्या कंपन्यांपासून करा. एकाच कंपनीसाठी काम करणारा एजंट फक्त त्याच कंपनीचं सांगेल, तेव्हा किमान दोन स्वतंत्र ब्रोकर गाठा आणि दोघांना विचारा: माझ्या पिन कोडमध्ये सध्या कोण नवी घरं घेतंय? दोघांकडे कोणकोणत्या कंपन्या आहेत त्याची यादी घ्या, म्हणजे एकाच कंपनीकडे दोनदा अर्ज जाणार नाही. गाडीचा विमा ज्या कंपनीचा आहे तिलाही विचारा. दोन्ही एकत्र दिल्यास दार उघडू शकतं. ब्रोकरचा परवाना विमा विभागाच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत तपासता येतो.

इथे नाही मिळालं तर दुसरी पायरी सरप्लस लाइन्स. या कंपन्यांना राज्याचा नियमित परवाना नसतो, पण खास ब्रोकरमार्फत त्या कायदेशीरपणे विमा देतात. त्यांचे दर आणि अटी राज्य आधी मंजूर करत नाही. हप्त्यावर ३ टक्के राज्य कर आणि वर छोटं शुल्क लागतं. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे कंपनी बुडाली तर राज्याच्या हमी संस्थेचं संरक्षण नाही. म्हणून एएम बेस्टचं (विमा कंपन्यांची आर्थिक ताकद जोखणाऱ्या संस्थेचं) मानांकन विचारा आणि ए पेक्षा खाली असेल तर नीट विचार करा. वणव्याची आग वगळली आहे का, हे पॉलिसीत स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. ती वगळलेली स्वस्त पॉलिसी डोंगराकडच्या घराला जवळपास निरुपयोगी.

फेअर प्लॅन: शेवटचा आसरा, पण अपुरा

दोन्हीकडे नकार आला की उरतो कॅलिफोर्निया फेअर प्लॅन. ही १९६८ पासून चालू आहे, पण सरकारी योजना नाही. राज्यात मालमत्तेचा विमा विकणाऱ्या सगळ्या परवानाधारक कंपन्यांनी मिळून चालवलेली ती संघटना आहे. २०२५ पर्यंत साडेपाच लाखांहून अधिक घरं तिच्याकडे गेली होती. जानेवारी २०२५ च्या वणव्यांनंतर क्लेम भागवण्यासाठी तिने सदस्य कंपन्यांकडून १ अब्ज डॉलर गोळा केले, आणि त्यातला काही भाग कंपन्या आपल्या ग्राहकांकडून वसूल करू शकतात. तुमच्या बिलात 'फेअर प्लॅन' नावाची वेगळी ओळ दिसली तर ती याचीच.

नवीन माणूस इथे हमखास फसतो. फेअर प्लॅनची मूळ पॉलिसी आग, वीज पडणं, धूर आणि घरातला स्फोट यांपुरतीच असते. चोरी नाही. फुटलेल्या नळाचं पाणी नाही. तुमच्या अंगणात पाहुणा पडून जखमी झाला आणि त्याने दावा लावला तर एक डॉलरही नाही. घरासाठी कमाल मर्यादा ३० लाख डॉलर आहे. शिवाय मूळ स्वरूपात भरपाई घसारा वजा करून मिळते: पंधरा वर्षांच्या छपराला पंधरा वर्षं जुन्या छपराचाच भाव. 'रिप्लेसमेंट कॉस्ट', 'ऑर्डिनन्स ऑर लॉ', ढिगारा हलवण्याचा खर्च, वादळ आणि तोडफोडीसारखी वाढीव कलमं वेगळी मागून घ्यावी लागतात. अर्ज भरताना ब्रोकरच्या शेजारी बसा, नाहीतर फोनवर प्रत्येक रकाना वाचून घ्या. न मागितलेलं कलम आपोआप येत नाही.

उरलेली भगदाडं बुजवायला 'डिफरन्स इन कंडिशन्स' नावाची दुसरी पॉलिसी घ्यायची. ब्रोकर तिला डीआयसी म्हणतात. चोरी, पाणी आणि दायित्व (दुसऱ्याला झालेल्या इजेची किंवा नुकसानीची तुमच्यावर येणारी भरपाई) हे तिच्यात येतं. दोन्ही पॉलिसींची सुरुवातीची तारीख एकच ठेवा. घराचा पत्ता आणि मालकांची नावंही अक्षरशः सारखी हवीत: एकीकडे पती-पत्नी आणि दुसरीकडे फॅमिली ट्रस्ट असं झालं तर क्लेमच्या वेळी दोन्ही कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवतात. सगळ्या डीआयसी पॉलिसी सारख्या नसतात. दायित्वाची रक्कम किमान ३ लाख डॉलर आहे का ते बघा, आणि तुमची अम्ब्रेला पॉलिसी (दायित्वाचं वरचं जादा संरक्षण) असेल तर ती किती मागते तेही.

फेअर प्लॅनचा अर्ज, फोटो, पाहणी यात दिवस जातात. मुदत संपायला ३० दिवस उरले आणि हातात पक्कं कोटेशन नसेल तर हा अर्ज भरून टाका. नंतर चांगली पॉलिसी मिळाली तर फेअर प्लॅन रद्द करता येतो. उलट क्रमाने गेलात तर मधले दिवस घर उघडं पडतं.

भूकंपाचा विमा इथेच लक्षात ठेवा. कॅलिफोर्निया अर्थक्वेक ऑथॉरिटीची पॉलिसी घरविम्याला जोडलेली असते. घरविमा गेला की तीही जाते. नव्या कंपनीकडून ती पुन्हा मिळते का हे पहिल्याच फोनवर विचारा.

कर्ज देणाऱ्याला वेळेत कळवा

कर्ज असलेल्या घराचा विमा तुटला तर सर्व्हिसर (कर्जाचे हप्ते गोळा करणारा) स्वतःच विमा घेऊन खर्च तुमच्या नावे टाकतो. याला फोर्स-प्लेस्ड विमा म्हणतात. तो महाग असतो आणि कर्जदात्याचंच हित जपतो. तुमचं सामान आणि दायित्व त्यात नसतं. केंद्रीय नियमांनुसार पैसे लावण्याच्या किमान ४५ दिवस आधी पहिलं पत्र आणि नंतर किमान १५ दिवस आधी आठवण देणं सर्व्हिसरला बंधनकारक आहे. सलग विमा होता याचा पुरावा दिल्यावर १५ दिवसांत त्याने तो विमा रद्द करून दुहेरी काळाचे पैसे परत करायचे असतात.

नवी पॉलिसी निघाली की डिक्लरेशन पेजवर कर्जदात्याचं पूर्ण कायदेशीर नाव, पत्ता आणि कर्ज क्रमांक बरोबर आहे का ते पाहा. एक आकडा चुकला की कागद हरवतो आणि फोर्स-प्लेस्डची पत्रं सुरू होतात. एस्क्रोतून हप्ता जाणार असेल तर पहिलं बिल पोचलं का, हे दोन्हीकडे फोन करून विचारा. फेअर प्लॅन आणि डीआयसी मिळून दोन बिलं होतात. सर्व्हिसर दोन्ही भरेल का हेही. मासिक हप्ता वाढेल, त्याची तयारी ठेवा.

भारतात जाणार असाल तर

आपल्या कुटुंबांचं विशेष असं की आई-वडिलांकडे दोन-तीन महिने जाणं होतं, आणि ७५ दिवसांची नोटीस नेमकी त्याच काळात बंद टपालपेटीत पडून राहते. निघण्याआधी पॉलिसीची मुदत तपासा. ती चार महिन्यांच्या आत संपणार असेल तर टपालखात्याची इन्फॉर्म्ड डिलिव्हरी सेवा सुरू करा, म्हणजे येणाऱ्या पाकिटांची चित्रं ईमेलवर दिसतात. शेजाऱ्याला किंवा मित्राला विमा कंपनीचं पाकीट उघडून फोटो पाठवायला सांगा.

अनेक पॉलिसींत घर सलग ३० किंवा ६० दिवस रिकामं राहिलं तर तोडफोडीसारखी काही संरक्षणं बंद होतात. सामानसुमान असलेलं, मालक परत येणार असलेलं घर आणि पूर्ण रिकामं घर यांत पॉलिसी फरक करते, पण शब्द प्रत्येकीचे वेगळे. अर्जात विचारल्यास महिने खरे सांगा. कायमचं भारतात परतून घर भाड्याने द्यायचं असेल तर मालकाच्या राहत्या घराची पॉलिसी चालणार नाही. भाड्याच्या घराची वेगळी घ्यावी लागते.

घर पसंत पडेल असं करा

'सेफर फ्रॉम वाइल्डफायर्स' या राज्याच्या चौकटीतली कामं केली तर नियमित कंपन्यांना आणि फेअर प्लॅनलाही सवलत द्यावी लागते. सगळ्यांत मोलाची आणि स्वस्त जागा म्हणजे भिंतीपासूनचे पहिले ५ फूट. वणव्यात बरीच घरं उडत आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात, ज्वाळांनी नव्हे. निखारा जिथे टेकेल तिथे जळणारं काही नको. झाडांच्या मुळाशी पसरलेला लाकडी भुसा (मल्च) काढून खडी घाला. दाराशी असलेलं काथ्याचं पायपुसणं, चपलांची लाकडी मांडणी, भिंतीला टेकवलेल्या कढीपत्त्याच्या आणि मोगऱ्याच्या प्लॅस्टिकच्या कुंड्या, सगळं पाच फुटांपलीकडे. भिंतीला जोडलेलं लाकडी कुंपण शेवटच्या पाच फुटांत धातूचं करा.

माळ्याच्या आणि पायाच्या व्हेंटना १/१६ ते १/८ इंच छिद्रांची धातूची जाळी बसवा. मोठ्या छिद्रांतून निखारे थेट माळ्यावर जातात. पन्हळी स्वच्छ, डेकखाली काही नाही, लाकडी शेड ३० फुटांवर. वणव्याच्या पट्ट्यातल्या घरांना १०० फुटांपर्यंत झाडझाडोरा आटोक्यात ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. स्थानिक अग्निशमन दलाची तपासणी झाली असेल तर तिचा कागद फाइलमध्ये लावा. छप्पर बदलायचं असेल तर क्लास ए, म्हणजे आगीला सर्वांत जास्त टिकणाऱ्या दर्जाचंच. प्रत्येक कामाचा आधीचा आणि नंतरचा फोटो तारखेसह ठेवा, कारण पुराव्याशिवाय सवलत मिळत नाही.

दुसऱ्या राज्यात असाल तर

नियम राज्यागणिक बदलतात. टेक्सासच्या फेअर प्लॅनसाठी किमान दोन कंपन्यांचा नकार लागतो. फ्लोरिडात सिटिझन्स या शेवटच्या आसऱ्याच्या विमा संस्थेकडे जायचं तर खाजगी कंपनीचा देकार नसावा किंवा तो २० टक्क्यांहून महाग असावा. कोलोरॅडोचा फेअर प्लॅन २०२५ मध्येच सुरू झाला आणि घरासाठी त्याची मर्यादा साडेसात लाख डॉलर आहे. आपल्या राज्याच्या विमा विभागाच्या संकेतस्थळावरून नोटिशीचे दिवस आधी बघा.

पॉलिसी मिळाल्यावर

पहिले ६० दिवस घराची पाहणी होईल असं धरून चाला. छपरावर पडलेली फांदी आणि अंगणातला पसारा आजच उचला. जुनी पॉलिसी ज्या दिवशी रात्री १२ वाजून १ मिनिटाने संपते त्याच क्षणी नवी सुरू होते का, दोन्ही डिक्लरेशन पेज शेजारी ठेवून जुळवा. फेअर प्लॅनमध्ये अडकला असाल तर पुढच्या मुदतीच्या १२० दिवस आधीची तारीख कॅलेंडरवर टाका आणि त्या दिवशी पुन्हा दोन ब्रोकरना फोन करा. कंपन्यांना दर ठरवताना वणव्याची संगणकीय प्रतिमानं वापरू देण्याच्या बदल्यात धोक्याच्या भागांत ठराविक प्रमाणात घरं घ्यायला लावणारे नियम आता लागू झाले आहेत, त्यामुळे या वर्षी बंद असलेला पिन कोड पुढच्या वर्षी उघडा मिळू शकतो.